काटा वर, फॅन गप्प

सकाळी ८

मे महिन्यातला शनिवार. शटर वर केलं की भाचा आधी चार्जरवरच्या बॅटऱ्या बघतो आणि मी मल्टिमीटरचा सेल बदलून घेतो, कारण आज दुपारपर्यंत उसंत मिळायची नाही. मुंबईकर लोणावळ्याला निघालेला असतो आणि वाटेत खोपोली लागते. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सहाशेच्या वर. मधला सगळा चढ बोरघाटात. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी फुल्ल, दुसरा गिअर आणि पुढे ट्रकची रांग. इंजिनाला सगळ्यात जास्त ताण येतो तो इथे, आणि समोरून वारा सगळ्यात कमी मिळतो तोही इथेच. शिंग्रोबाचं देऊळ यायच्या आत काटा लाल रेघेला टेकला की माणसं घाबरून गाडी वळवतात आणि उताराने परत खाली येतात. खाली मी.

माझा धंदा ऑटो इलेक्ट्रिकचा. इंजिन उघडायचं काम शेजारच्या मिस्त्रीचं. पूर्वी तापलेली गाडी सरळ त्याच्याकडे जायची. अँबॅसिडर काय, जीप काय, फॅन वॉटर पंपाच्या पुढे बसवलेला आणि बेल्टवर फिरणारा. इंजिन चालू तर फॅन चालू, त्यात वायरमनचं काही कामच नव्हतं. पुढे इंजिन आडवं बसवलेल्या गाड्या आल्या. त्यांत बेल्ट इंजिनाच्या कुशीला, रेडिएटर समोर. दोघांची गाठ पडेना. म्हणून फॅनला स्वतःची मोटर आली. मोटर आली म्हणून फ्यूज, रिले, सेन्सर आले आणि मागोमाग कॉम्प्युटरही आला. तेव्हापासून तापलेली गाडी आधी माझ्या दारात उभी राहते.

सकाळी साडेआठ

पहिलं गिऱ्हाईक गावातलंच, चालत आलेलं. गाडी घराखाली, बॅटरी ठार.

"रात्री फॅन फिरत होता का हो?" मी विचारलं.

"बायको म्हणत होती, कसलातरी आवाज येतोय. मी म्हटलं, शेजाऱ्यांचा कूलर असेल."

चावी काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं फॅन फिरला तर बऱ्याच गाड्यांत ते बरोबरच असतं. इंजिन बंद झालं तरी त्यातली उष्णता लगेच जात नाही, म्हणून कॉम्प्युटर फॅन थोडा वेळ चालू ठेवतो. रात्रभर फिरला तर मात्र रिले चिकटला.

बॅटरी जोडली तसा चावी न लावताच फॅन सुरू. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टकटक केलं, फॅन थांबला. भाच्याने रिले उपटून पक्कडीने त्याचं झाकण काढलं. आत दोन बारीक टिकल्या असतात, त्या एकमेकींना टेकल्या की करंट पुढे जातो. एका टिकलीवर खड्डा, दुसरीवर त्या खड्ड्यात बसेल असा उंचवटा, भोवती काळी काजळी. ठिणग्या पडून पडून वेल्डिंग झालेलं.

"मामा, नवीन रिले लावून देऊ?"

"लाव. पण बिल करू नकोस अजून."

रिले दीडदोनशे रुपयांचा. तो लावून गिऱ्हाईक पाठवता येतं आणि महिनाभरात ते परत येतं. टिकल्या उगीच चिकटत नाहीत, त्यांच्यातून जास्त करंट गेला म्हणून चिकटतात. मोटरच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावला. एवढ्या छोट्या गाडीच्या फॅनने दहा-बारा अँपिअर घ्यावेत, हा एकोणीस घेत होता. बॅटरीची वायर काढून फॅन हाताने फिरवला तर जड. चांगल्या मोटरचं पातं बोटाने ढकललं की सहज फिरतं. हे जागच्या जागी थांबत होतं. बुश कोरडे पडून शाफ्ट धरला होता. म्हणजे तक्रार 'फॅन बंद होत नाही' अशी, आणि दोष फॅन जड फिरण्याचा. मोटर वाइंडिंगवाल्याकडे पाठवली: बुश आणि कार्बन नवे, आर्मेचर ठीक असेल तर तेच ठेवायचं.

सकाळी साडेदहा

घाटातून परतलेली आजची पहिली गाडी. बॉनेटच्या फटीतून वाफ, आत आजी, दोन मुलं आणि घामाघूम झालेला गृहस्थ. उतरल्या उतरल्या त्याने रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"साहेब, हात काढा. आधी हात काढा."

हे दिवसातून अनेकदा ओरडावं लागतं. उघड्या पातेल्यातलं पाणी शंभर अंशांना उकळतं. रेडिएटरमधलं तसं उकळत नाही, कारण झाकण त्याला दाबून धरतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो या दाबाचा. अशा दाबाखाली निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी सव्वाशे अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब गेला, आणि शंभराच्या वर तापलेलं पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. वरून गार पाणी ओतणं हा दुसरा मूर्खपणा. हेड अॅल्युमिनियमचं असतं, ते वाकतं. मग माझं काम संपून शेजाऱ्याचं सुरू होतं, आणि त्याचं बिल माझ्या कैकपट.

आजींना पंख्याखाली बसवलं, मुलांना पाणी दिलं. गाडी निवेपर्यंत मी फक्त प्रश्न विचारतो. काटा चढला तेव्हा गाडी पळत होती की रांगत? रांगत. सपाटीवर ऐंशीने चालवताना काटा कुठे असतो? मध्ये. वेगात गाडीला समोरचा वाराच पुरतो, फॅनची गरज फारशी लागत नाही. म्हणून पळताना गार आणि उभ्याने गरम असेल तर फॅनकडे बघायचं. पळतानाच तापत असेल तर रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अडकलेला, पाणी कमी किंवा पंप गेलेला. या एका प्रश्नात अर्धं निदान होतं.

"पण भाऊ, फॅन मोटर गेल्याच महिन्यात नवीन टाकलीय. ओरिजिनल."

"कोणी सांगितलं मोटर गेली म्हणून?"

"फॅन फिरत नव्हता ना!"

इथेच लोकांचे पैसे जातात. फॅन फिरत नाही म्हणजे मोटर मेली, हे गृहीत धरायचं आणि तीन-चार हजारांची वस्तू बदलून टाकायची. मी भाच्याला सांगतो, तीन वेगळे प्रश्न विचार. हुकूम निघतो का? हुकूम घेऊन करंट मोटरपर्यंत पोचतो का? पोचल्यावर मोटर काम करते का? हुकूम म्हणजे सेन्सर, कॉम्प्युटर आणि रिलेची कॉइल. रस्ता म्हणजे फ्यूज, रिलेच्या टिकल्या, वायर, कपलर आणि अर्थिंग. मोटर सगळ्यांच्या शेवटी.

इंजिन सुरू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लागला की फॅन फिरायलाच हवा, इंजिन गार असलं तरी. रिले टक् करून वाजला, म्हणजे हुकूम निघाला. फॅनने मात्र नुसता एक झटका दिला आणि उभा राहिला. फ्यूज शाबूत. इंजिन बंद करून, रिले काढून त्याच्या खोबणीतल्या ३० आणि ८७ नंबरच्या पट्ट्या फ्यूजवाल्या वायरने जोडल्या, तरी तसंच. म्हणजे दोष रस्त्यात किंवा मोटरमध्ये. मोटरचा कपलर काढून दोन पिनांवर मल्टिमीटर लावला: साडेबारा व्होल्ट.

"बघा, करंट तर येतोय!" गृहस्थ म्हणाले. "म्हणजे मोटरच."

गेल्या महिन्यातल्या मेकॅनिकनेही हेच वाचलं असणार. मल्टिमीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. वायरीची एक तार शिल्लक असली तरी तो पुरे व्होल्ट दाखवतो. मोटरला दहा-बारा अँपिअर लागतात. म्हणून त्याच कपलरवर मी हेडलाइटचा जुना बल्ब लावतो, ५५ वॅटचा. तो पांढराशुभ्र पेटायला हवा. पेटला तो पिवळा, मरतुकडा, आतली तार तेवढी लाल.

आता कपलर परत जोडला, इंजिन आणि एसी चालू, आणि मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर. लाल वायर मोटरच्या पॉझिटिव्ह पिनेला मागून टोचली: १३.४. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ होते, म्हणजे येण्याचा रस्ता ठीक. मग लाल वायर मोटरच्या अर्थिंगच्या पिनेला. इथे जवळजवळ शून्य यायला हवं, फार तर ०.२. मीटरने दाखवले १०.८.

मोटरसाठी निघालेले बहुतेक सगळे व्होल्ट परतीच्या वाटेवर अडकून पडलेले. काळ्या वायरीचा माग काढत गेलो. रेडिएटरच्या खालच्या पट्टीला १० नंबरचा एक बोल्ट, त्याखाली अर्थिंगची लग. वरून धूळ, आतून गंज, आणि गंजाच्या खाली रंग. कधीतरी पुढून ठोकर बसली असावी, डेंटरने पट्टी रंगवून घेतली आणि रंगावरच लग आवळली. आठ-दहा महिने आटे पत्र्याला टेकून काम चाललं. पावसाळ्यात तेही गंजले.

पाना लावून बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, लग घासली, नवा दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, वर ग्रीस. मीटर: ०.०६. फॅनने असा दणका दिला की बॉनेटवरची धूळ उडाली. मग पाणी भरून, एसी बंद करून गाडी उभ्यानेच तापू दिली. फॅन आपणहून लागला, काटा मध्याला आला, फॅन बंद झाला. हे दोनदा बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही.

आता बिलाची वेळ.

"नुसता बोल्ट घासायचे एवढे पैसे?"

"घासायचे थोडेच. कुठला घासायचा ते शोधायचे बाकीचे."

हसले, पण दिले नाखुशीने. तीन-चार हजारांच्या मोटरचे पैसे याच माणसाने गेल्या महिन्यात विनातक्रार दिले होते, कारण तेव्हा हातात खोकं मिळालं होतं.

दुपारी साडेबारा

फोन. ओळखीचा ड्रायव्हर, जिथे पूर्वी अमृतांजन पूल होता त्याच्या अलीकडे अडकलाय, काटा चढतोय. फोनवर निदान करत नाही, फक्त गाडी वाचवतो. एसी बंद कर. हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर चौथ्यावर. "या उन्हात?" हो, याच उन्हात, हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची थोडी उष्णता तो गाडीत ओततो. काचा उघड. जागा मिळाली की बाजूला घे, बॉनेट उघड, झाकणाला हात लावू नकोस. फॅनजवळही बोटं नेऊ नकोस. इंजिन बंद असलं तरी तो कधीही सुरू होतो. माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांची बोटं त्यात सोलली आहेत. म्हणून हात घालायचा असेल तेव्हा मी आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढतो.

दुपारी दोन

डबा खाऊन होतो तोच पेणच्या बाजूची गाडी. "फॅन लागतच नाही. सेन्सर बदला." माणूस नवा सेन्सर सोबतच घेऊन आलेला.

भाच्याला पुढे केलं. त्याने आधी सेन्सरचा कपलर काढला. बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर असा आहे की सेन्सरकडून काहीच कळेनासं झालं तर तो वाईटात वाईट धरून फॅन चालू करतो. फॅन लागला. म्हणजे कॉम्प्युटर, रिले, रस्ता, मोटर सगळं ठणठणीत. प्रश्न उरला सेन्सरच्या सांगण्याचा.

सेन्सर म्हणजे तापेल तसा विरोध कमी होणारी वस्तू. या गाडीच्या सेन्सरने वीस अंशांना अडीच किलोओहमच्या जवळपास दाखवावं आणि ऐंशीला तीनशे ओहमच्या आसपास. सेन्सर काढून उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात धरला, शेजारी थर्मामीटर. आकडे बरोबर.

"मग खोटं कोण बोलतंय, मामा?"

"कोणीच नाही. स्कॅनर लाव."

स्कॅनरवर कूलंट ८४ अंश. त्याच वेळी वरच्या होस पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर १०३. सेन्सरला जे लागतंय ते तो प्रामाणिकपणे सांगतोय, पण त्याला पाणी लागतच नाहीये. तो पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान कळणार. पाणी कमी झालं, वरच्या कोपऱ्यात हवा साठली, आणि सेन्सरचं टोक त्या हवेत लटकत राहिलं. इंजिन उकळतंय आणि कॉम्प्युटरला वाटतं, अजून फॅनची वेळ झाली नाही.

पाणी गेलं कुठे? रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत मध्यापर्यंत कूलंट होतं, म्हणून मालक निश्चिंत. बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये आहेच असं नाही. झाकणाचं रबर कडक झालं की निवताना बाटलीतलं पाणी परत ओढलंच जात नाही. झाकण तसं निघालंच, शिवाय पंपाच्या खालच्या बारीक भोकातून हिरवा ओघळ सुकलेला. पंपाची सील गेली. ते काम शेजारच्या मिस्त्रीचं. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का आणि ऑइल दुधाळ झालंय का हेही बघून घेतलं. गॅस्केट शाबूत आहे. मालकाचा नवा सेन्सर त्याच्याच हातात परत दिला.

"हा परत घेतील का?"

"बिल असेल तर विचारून बघा."

दुपारी चार

टुरिस्ट टॅक्सी. ड्रायव्हर पन्नाशीचा, या रस्त्यावर आयुष्य गेलेला. "भाऊ, फॅन लागतो, जोरात लागतो, तरी गाडी तापते. पळताना तर जास्तच." रेडिएटर साफ करून झाला, थर्मोस्टॅट नवा, कूलंट नवं. पंधरवड्यापूर्वी दुसरीकडे फॅन मोटर रिपेअर केली, तेव्हापासून हा त्रास.

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि भाच्याला वर्तमानपत्राचं पान फाडून आणायला सांगितलं. एसी लावला, फॅन सुरू. पान समोरच्या जाळीवर धरलं आणि सोडलं. चांगल्या गाडीत ते जाळीला चिकटून बसतं, कारण फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. हे पान पुढे उडून ड्रायव्हरच्या पोटावर बसलं.

"उलटा फिरतोय," तो म्हणाला. सांगावं लागलं नाही.

मोटर डीसी. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अदलाबदल झाली की ती उलटी फिरते, तेवढ्याच जोराने आणि तेवढ्याच आवाजाने. बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण उलटा फॅन इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलतो. वर पातीही एका बाजूने हवा कापायला वळवलेली असतात, उलट्या दिशेने ती नीट ढकलतही नाहीत. गाडी पळू लागली की समोरचा वारा आत यायला बघतो आणि हा त्याला बाहेर लोटतो. दोघांच्या भांडणात रेडिएटरला काहीच मिळत नाही. म्हणून याची गाडी पळतानाही तापत होती, आणि म्हणूनच सगळे रेडिएटर-थर्मोस्टॅटच्या मागे लागले.

कपलरमधून दोन्ही पिना बारीक टोच्याने सोडवल्या, जागा बदलल्या, परत बसवल्या. मोटरवर पांढऱ्या रंगाने बाण काढला, पुढच्या माणसासाठी. पान परत धरलं. थप्प, जाळीला चिकटलं. ड्रायव्हरने ते स्वतः दोनदा काढून लावून बघितलं आणि घाटात तीन फेऱ्या मारून परत येतो म्हणाला.

संध्याकाळी सहा

या वेळेला येतात त्या 'डायरेक्ट' केलेल्या गाड्या. कुणीतरी रिले, सेन्सर सगळं बाजूला ठेवून फॅनची वायर डॅशबोर्डखालच्या बटणाला आणलेली असते. तापली की बटण दाबा. आजची अशी गाडी एक ताई घेऊन आल्या, सेकंड हँड घेतलेली. त्यांना बटण कशाचं तेच माहीत नव्हतं. फॉगलॅम्पचं असेल म्हणून त्यांनी ते बंद ठेवलं होतं. वायरही बारीक, प्लास्टिक वितळून तांब्याला चिकटलेलं आणि मध्ये फ्यूज नाही. अशी वायर पेटते तेव्हा गाडी वाचत नाही.

यांच्या गाडीचा फॅन दोन वेगांचा. हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो, फॅनच्या हवेतच बसवलेला, कारण तो स्वतः तापतो. तो जळला की हळू वेग जातो आणि काटा बराच चढल्यावर फॅन एकदम जोरात लागतो. बहुधा तेवढ्यावरून कुणीतरी सगळी यंत्रणाच उखडली. रेझिस्टर बदलायला अर्धा तास लागला असता. आता वायरिंग पूर्ववत करायला अख्खा सोमवार लागेल. तोवर फ्यूज आणि जाड वायर टाकून दिली आणि सांगितलं, "ताई, सोमवारपर्यंत गावातच चालवा, आणि हे बटण चालूच ठेवा. उतरताना तेवढं बंद करा, नाहीतर बॅटरी उतरेल." घरी दोन गाड्या आहेत, जमेल म्हणाल्या.

रात्री आठ

टॅक्सीवाला तीन फेऱ्या करून आला, काटा हलला नाही म्हणाला, पैसे न मोजता दिले. सकाळच्या गाडीची मोटर वाइंडिंगवाल्याकडून आली; क्लॅम्प मीटरवर साडेदहा अँपिअर. नवा रिले आता टिकेल.

दिवसभरात नवी फॅन मोटर एकही विकली नाही. एक दुरुस्त झाली. बाकी सगळ्या गाड्यांची तक्रार फॅनची किंवा तापण्याची होती आणि दोष निघाला रंगवलेल्या पत्र्यात, पाण्याच्या पातळीत, उलट्या पिनांमध्ये, एका बटणात. पार्ट विकून सुटणाऱ्याचा गल्ला आज माझ्यापेक्षा नक्कीच जास्त भरला असता. पण त्यातल्या निम्म्या गाड्या उद्या रविवारी घाटात पुन्हा तापल्या असत्या, मुलाबाळांसकट.

भाचा बिलबुक घेऊन बसला. ताईंच्या बिलात फ्यूज लिहिला, वायर लिहिली, मजुरी लिहिली आणि थांबला.

"मामा, बघायचे वेगळे लावायचे?"

"सगळ्यात वर लिही. तपासणी. खाली काय सापडलं ते एका ओळीत. पार्ट त्याच्याही खाली."

पुढच्या वेळी या गाडीचं बॉनेट दुसऱ्या कुणी उघडलं, तर त्याला तरी कळेल की इथे काय झालं होतं.